तोइलोलोचा शेवटचा टाका

मी होडी बोलतेय. होडी कसली, अर्धी होडी. अंगाला एकदाही पाणी न लागलेली. माझा सगळा जन्म गेला तो झावळ्यांच्या छपराखाली, कोरड्या वाळूवर. आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. लाटांच्या, वादळांच्या गमतीजमती ऐकायला आला असाल तर पलीकडे किनाऱ्यावर जा. तिथे म्हाताऱ्या होड्या ओळीने पालथ्या पडल्या आहेत, त्यांना दुसरा उद्योग नाही. माझ्याकडे लाटांची गोष्ट नाही. माझ्याकडे एक फोटो आहे.

तो फोटो कदाचित तुमच्याही नजरेखालून गेला असेल. फार लांबलांब फिरलाय मेला. मधोमध एक धिप्पाड माणूस उघड्या अंगाने उभा आहे, कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदलेला, हातात लढाईची गदा. मागे मी, एका बाजूने शिवलेली, दुसऱ्या बाजूने उघडी. आणि खाली परक्या भाषेत छापलंय, 'बेटावरचा योद्धा आणि त्याची अर्धवट होडी. हे लोक स्वभावाने आळशी असून हाती घेतलेलं काम क्वचितच पुरं करतात.'

योद्धा म्हणे! आळशी म्हणे! छापणाऱ्याचा हात कसा झडला नाही?

नीट सांगते. गावामागच्या डोंगरावर मी मालिलीचं झाड होते. खाली सामोआचा निळा समुद्र दिसायचा आणि वर पारव्यांचा कलकलाट असायचा. एके दिवशी तोइलोलो आला. होड्या घडवणाऱ्याला आमच्याकडे तुफुंगा म्हणतात, आणि तुफुंगा म्हणजे कोणी ऐरागैरा सुतार नव्हे. सरदारांच्या पंगतीला बसणारा माणूस तो. त्याच्याशी बोलताना ऊठ-बस हे साधे शब्दसुद्धा चालत नाहीत, त्यांचे वेगळे मानाचे शब्द आहेत. तोइलोलोने वाकसेच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, पाठीने माझ्या बुंध्यावर ठोकलं, कान लावला, दुसऱ्या बाजूने ठोकलं आणि म्हणाला, "चल बाई, तुला समुद्र दाखवतो." मी भुलले. अशा आवाजात कोणी बोलावलं तर कोणीही भुलेल.

होडी मागितली होती आसीआताने. आसीआता म्हणजे आमच्या कुटुंबाचा मुख्य. गावच्या बैठकीत पाठ टेकायला त्याचा खांब ठरलेला, आवा या मानाच्या पेयाची वाटी त्याच्याकडे कितवी यायची तेही ठरलेलं. माणूस वाईट नव्हता हो. पोट सुटलेला, मोठ्याने हसणारा, पाहुणा आला की जीव टाकणारा. फक्त चार लोकांत आपलं वजन कमी होतंय असं वाटलं की त्याचं डोकं फिरायचं.

पण मी घडत होते ती आसीआतासाठी नव्हे, त्याच्या जावयासाठी. जावई फीलेमू. काटक, थोडकं बोलणारा पोरगा. कुपा मासा गळाला लावावा तर त्यानेच. कुप्यांचे थवे खोल पाण्यात येतात, तिथे जायला हलकी, पळणारी, फळ्या शिवलेली होडी लागते. घरातली जुनी होडी फुटायला आली होती. फीलेमू रोज सकाळी नीरफणसाचा चीक तिच्या भेगेत भरायचा आणि देवाचं नाव घेऊन निघायचा. त्याची बायको पेपे, आसीआताची मुलगी, किनाऱ्यावर उभी राहून ओरडायची, "त्या चाळणीत बसून किती दिवस जाणारेस? उस्तादांना म्हणावं हात उचला जरा!" पेपेला दिवस गेले होते. म्हणजे कुप्यांचा हंगाम यायच्या आत मी पुरी होणं, एवढंच त्या घराला हवं होतं. मलाही दुसरं काय हवं होतं?

तोइलोलो हात उचलतच होता. पण आमचं काम कसं असतं ते ऐका. एकही खिळा नाही. फळीच्या आतल्या कडेला ओठासारखी पट्टी ठेवायची, तिला भोकं पाडायची आणि काथ्याच्या सुंभाने फळीला फळी आतून शिवायची. बाहेरून टाका दिसता कामा नये. बाहेरून हात फिरवला तर ही होडी एकाच लाकडाची असं वाटलं पाहिजे. आणि टाका घालायला दोघं लागतात. एकाने सुंभ जीव खाऊन ओढून धरायचं, दुसऱ्याने गाठ मारायची. धरणाऱ्याने जरा हात सैल सोडला की टाका ढिला, आणि एक टाका ढिला की सगळी होडी गळकी.

धरायला फीलेमू बसायचा. इतर माणसं तोइलोलोला चालत नसत.

"हात दुखला की सांग," तोइलोलो म्हणायचा.

"दुखला तर पेपेला सांगेन, उस्ताद. तुम्हाला सांगून काय उपयोग, तुम्ही अजून जोरात ओढायला लावाल."

"शहाणा आहेस. ओढ."

असे दिवस होते. तुफुंगाला काम चालू असताना कोणी मजुरी देत नाही, त्याला वाढतात. तापल्या दगडांच्या खड्ड्यातून डुक्कर निघालं की पाठीचा वाटा त्याचा. अळूचे गड्डे आधी त्याच्या पानात. हा हिशेब पोटाचा नाही, मानाचा आहे. त्याचा मान राहिला तर होडी होते, मोडला तर तो उठून जातो. आणि एकदा तो उठून गेला की दुसरा कोणीही तुफुंगा त्या कामाला बोट लावत नाही. लावलं तर त्याचे स्वतःचे जातभाई त्याची हत्यारं मोडून समुद्रात फेकतील. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आणि मग तो आला. तीन पायांची पेटी आणि काळं फडकं घेऊन. व्यापाऱ्याच्या बोटीतून उतरला, बरोबर व्यापाऱ्याचा दुभाषा. गोरा पालांगी, म्हणजे परदेशी, लाल झालेलं नाक, वाळूत बूट रुतताहेत म्हणून चिडलेला. आसीआता नुसता हरखला. एवढ्या लांबून पाहुणा आलाय, त्याला आपल्या घराचा फोटो काढायचाय! मग चटया अंथरल्या, शहाळी फोडली आणि डुक्कर खड्ड्यात गेलं.

दुभाषा म्हणाला, "साहेबांना योद्धा पाहिजे. जुन्या काळचा."

आसीआता आत गेला आणि आढ्याला बांधलेली पणजोबाची गदा घेऊन आला. छाती काढून उभा राहिला. गोऱ्याने काळ्या फडक्यात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि काहीतरी बडबडला.

दुभाषा जरा घुटमळला. "साहेब म्हणतात, तुम्ही नको. पोट दिसतं."

जमलेल्या बायकांत कोणीतरी फिसकन हसलं. आसीआताचे कान लाल झाले ते मी पाहिलं. माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं. अपमान त्याचा झाला होता, पण तो गिळायचा कसा हे त्याला कळेना, तेव्हा त्याने तो दुसऱ्याच्या पानात वाढायचं ठरवलं.

गोऱ्याने बोट दाखवलं ते तोइलोलोकडे. रुंद खांदे, जाड मांड्या, त्यावर काळंभोर गोंदण. तोइलोलो माझ्या पोटाशी मांडी घालून बसला होता. सुंभ भोकातून आलेलं, दुसरं टोक फीलेमूच्या मुठीत ताणलेलं. टाका हातात होता हो! मधला टाका, सगळ्यात नाजूक जागा.

"उस्ताद, जरा यायचं का?" आसीआता आधी गोडीत म्हणाला. "पाहुण्याचं मन मोडवत नाही."

"टाका चालू आहे," तोइलोलोने वर न बघताच सांगितलं.

"एक क्षणभर."

"क्षणभरात टाका सैल पडतो, आसीआता. तुम्हाला होडी पाहिजे की गाळणं?"

बायका पुन्हा हसल्या. या वेळी मोठ्याने. आणि मग आसीआताच्या तोंडून तो शब्द गेला. सगळ्यांसमोर, गोऱ्यासमोर, व्यापाऱ्याच्या त्या टुकार दुभाष्यासमोर.

"बसलायस काय? ऊठ!"

अहो-जाहो गेलं आणि अरे-तुरे आलं. डुकराला हुसकताना म्हणतात तसा ऊठ. एक शब्द. पेपेने तोंडावर हात ठेवला. गोऱ्याला काय कळणार, तो आपला पेटीची कळ दाबून बघत होता.

तोइलोलोने आसीआताकडे पाहिलं. मग फीलेमूला हळू आवाजात म्हणाला, "धरून ठेव. सोडू नकोस. मी येतो." आणि शेजारची वाकस उचलून उठला. उठला कारण पाहुणा दारात असताना घराची लाज काढायची नाही, एवढं वळण त्याला होतं. ते वळण आसीआताला नव्हतं.

पुढचं ऐका. गोरा तरातरा आला आणि त्याने तोइलोलोच्या हातातली वाकस काढून घेतली. लोखंडी पात्याची वाकस फोटोत नको म्हणे, जुनं वाटत नाही. काढून घेतली आणि मागे वाळूत भिरकावली. तुफुंगाची वाकस! त्याची बायकोसुद्धा त्याला विचारल्याशिवाय तिला हात लावत नाही. मग त्याच्या हातात ती गदा कोंबली. मग केसांत कोंबड्याची पिसं खोचायला सांगितली. एवढं करूनही समाधान नाही, फीलेमूकडे बघून हात झटकला.

"त्याला बाजूला व्हायला सांगतात," दुभाषा म्हणाला. "मध्ये येतोय."

"मी कसा होऊ बाजूला?" फीलेमू म्हणाला. "सुंभ धरलंय."

"मग लप जरा मागे."

फीलेमू माझ्या मागच्या अंगाला सरकला आणि वाळूत दबून बसला. सुंभ सोडलं नाही. आधाराला एक हात माझ्या काठावर टेकवला, दुसऱ्या मुठीला सुंभाचे वेढे घेतले. त्या पेटीला घाई नव्हती. हलू नका, हलू नका. मांडीवर माश्या बसल्या तरी हलायचं नाही. तोइलोलो हलला नाही. फोटोत त्याचे डोळे बघा कधी. छापणाऱ्याला त्यात शौर्य दिसलं. मला विचारा काय होतं ते. मी पाठीशीच होते.

फोटो झाला. तोइलोलोने गदा चटईवर अलगद ठेवली, त्या बिचारीचा काय दोष? पिसं काढली. वाळूतून वाकस उचलली, पुसली, आणि माझ्याजवळ येऊन पुन्हा मांडी घातली. फीलेमूच्या मुठीतून सुंभ घेतलं. तळहात कापला होता पोराचा, सुंभ लाल झालं होतं.

"हात दाखव."

"काही नाही उस्ताद. गाठ मारा आधी."

तोइलोलोने गाठ मारली. अशी मारली की माझं लाकूड करकरलं. मग चीक लावून टाका बुजवला, पुसला, त्यावर एकदा अंगठा फिरवला. मला वाटलं, निभावलं. वेडी मी.

जेवणं बसली. डुक्कर फोडलं. आसीआताने स्वतः वाढायला घेतलं आणि पाठीचा वाटा उचलून गोऱ्याच्या पानात ठेवला. पाहुणा मोठा ना! तोइलोलोच्या पानात आला पाय.

तोइलोलो पानाकडे बघत राहिला. मग हसला. त्याला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"पाय वाढलात," तो म्हणाला. "बरं केलंत, आसीआता. म्हणजे आता मी चालायला लागायचं."

आणि उठला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. वाकसा पानांत गुंडाळल्या, निजायची चटई काखेत मारली. फीलेमू धावत गेला तेव्हा एवढंच म्हणाला, "तुझ्याशी माझं काही वाकडं नाही, पोरा. हाताला तेल लाव." आणि किनाऱ्याकिनाऱ्याने त्याच्या गावाला चालता झाला. गोरा पाठीचं मांस चावत विचारत होता, हा कुठे निघाला?

त्यानंतर काय तमाशे झाले म्हणता! पेपेने बापाला फाडून खाल्लं.

"जा आणि माफी मागा, बाबा."

"कोणाची? त्या लाकूडतोड्याची? मी आसीआता! डोक्यावर चटई घेऊन त्याच्या दारात बसू?"

आमच्याकडे मोठा अपराध झाला की अशीच माफी मागतात. घरातली सगळ्यात बारीक विणीची, सगळ्यात मानाची चटई डोक्यावर घ्यायची आणि उजाडायच्या आधी त्या माणसाच्या दारात जाऊन खाली मान घालून बसायचं. तो बाहेर येऊन चटई काढेल तेव्हा सुटका.

"बसा की! झिजणार आहात का?"

"शब्दच तर गेला एक."

"तुम्हाला कोणी म्हणालं असतं तर?"

आसीआताने पाठ फिरवली. फीलेमू स्वतः जाऊन आला तोइलोलोकडे. तोइलोलोने त्याला शहाळं दिलं, जेवू घातलं आणि म्हणाला, "ज्याच्या तोंडून गेला, त्याचं तोंड इकडे येऊ दे."

मग आसीआताने दुसऱ्या बेटावरून एक तुफुंगा बोलावला, काही न सांगता. तो बिचारा ऐटीत आला, माझ्या अंगावर हात फिरवला, आत वाकून बघितलं आणि विचारलं, "टाका कोणाचा?"

"तोइलोलोचा," फीलेमूने सांगितलं. आसीआताने त्याच्याकडे डोळे वटारले.

त्या तुफुंगाने हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. "अहो, मला बायकापोरं आहेत!" म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

मग आसीआताने व्यापाऱ्याकडून खिळे आणले. खिळे! मला! स्वतःच हातोडा घेऊन बसला, जीभ बाहेर काढून. पहिला खिळा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला माझी फळी इथून तिथवर तडकली. मी किंचाळले, पण लाकडाची किंकाळी माणसाला नुसती 'कट्' ऐकू येते. आसीआता तडकलेल्या फळीकडे बघत बसला. हातोडा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "लाकूडच खराब दिलंय."

लाकूड खराब! ऐकताय ना?

आणि हंगाम आला. एके सकाळी समुद्रावर पक्ष्यांचा गोंधळ उठला, म्हणजे खाली कुप्यांचा थवा. किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या सुटल्या. फीलेमू माझ्याजवळ आला, माझ्या काठावर हात ठेवून उभा राहिला. मग जुन्या होडीच्या भेगेत चीक भरायला लागला.

"जाऊ नकोस," पेपे म्हणाली. पोटावर हात धरून उभी होती.

"घरात गड्ड्यांशिवाय काय आहे? तुला मासा नको का या दिवसांत?"

"मला तू हवायस."

"संध्याकाळी दोन्ही आणतो." असा हसला आणि गेला.

बाकीच्या होड्या आल्या. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी खडकांपाशी जुन्या होडीची उलांडी, तोल सांभाळायला बाजूला बांधतात तो ओंडका, सापडली, नुसती उलांडी. तिचे सुंभ तुटले नव्हते. होडीच मधून दुभंगली होती, त्याच भेगेवर.

पेपे रडली नाही. निदान लोकांसमोर नाही. माझ्यापाशी आली, माझ्यात बसली आणि नखांनी आसीआताचा खिळा उकरायला लागली. नखं तुटली तरी उकरत राहिली.

मग गेला आसीआता माफी मागायला. आता गेला! उजाडायच्या आधी निघाला, घरातली ती मानाची चटई डोक्यावर घेऊन, आणि तोइलोलोच्या दारात बसला. ऊन चढलं, माणसं जमली, तरी मान वर केली नाही. पेपेच्या चुलतभावाने हे सगळं येऊन सांगितलं. तोइलोलोला फीलेमूचं कळलेलं होतं. तो बाहेर आला आणि त्याने चटई काढली. मग तोइलोलोने वाकस घेतली आणि आसीआताबरोबर आमच्याकडे आला. मला पुरी करायला.

पेपे आडवी उभी राहिली.

"हात लावायचा नाही."

"पोरी, मी कबूल केलंय," तोइलोलो म्हणाला.

"कोणासाठी पुरी करताय? ज्याला बसायचं होतं तो आहे का?" मग ती जे बोलली ते आजवर आमच्या गावात कोणी तुफुंगाला बोललेलं नाही. "तुमचा मान राहिला, उस्ताद. बाबांचाही राहिला, चटई घेऊन का होईना. दोघांचं आता जुळलं. छान झालं. ही मात्र अशीच राहील. बाबा येताजाता बघतील. तुम्हीही या अधूनमधून बघायला."

मी तोइलोलोवर चिडले नाही असं समजू नका. त्याचा अपमान झाला, खरं. तो उठून गेला, रीतच आहे. पण रीत काय फक्त उठून जायची असते? फीलेमूचा कापलेला तळहात त्याने डोळ्यांनी पाहिला होता. एकदा, फक्त एकदा वाकडी वाट करून आला असता तर? मला दोघांचा राग आहे. गोऱ्याचा तर आहेच, पण तो परका. हे दोघं माझे होते.

तोइलोलो वाळूकडे बघत म्हणाला, "निदान खिळे तरी काढून देऊ?"

पेपेने होकाराची मान हलवली. त्याने खिळे काढले. फळीला धक्का न लावता, एकेक. आसीआता शेजारी बसून काढलेले खिळे हातात घेत होता. मग तोइलोलो गेला.

वर्षं गेली. आसीआता गेला, तोइलोलोही गेला. पेपेला झालेली मुलगी, तासी, माझ्यातच खेळून मोठी झाली. करवंटीने वाळू उपसायची आणि समुद्रात आहोत असं समजायची. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. एका पावसाळ्यात डुकरीणही व्याली. तक्रार नाही. होडी झाले नाही, पाळणाघर तरी झाले.

आणि मग पेपेचा तोच चुलतभाऊ, जो पुढे आगबोटीवर कामाला लागला होता, एका परक्या बंदरातल्या दुकानातून एक कार्ड घेऊन आला. "ओळखा बघू कोण!" म्हणत त्याने ते पेपेच्या हातात दिलं. तोइलोलो, गदा आणि मागे मी. पेपे म्हातारी झाली होती, तिने ते डोळ्यांशी धरलं. चुलतभावाला ती भाषा वाचता येत होती. त्याने खालची ओळ वाचली आणि आपल्या भाषेत सांगितली. आळशी. काम पुरं करत नाहीत.

मी थरथरले. खरंच सांगते, माझ्यातली कोंबडी उडून गेली.

"हरामखोर!" तासी ओरडली. तिचं तोंड आईसारखंच. "आळशी? हा तोइलोलो आळशी?"

पेपे मात्र ऐकतच नव्हती. ती कार्डाच्या कडेला बघत होती, अगदी डाव्या कडेला, जिथे कोणी बघत नाही. माझ्या काठावर तिथे काहीतरी होतं. पेपेने नख टेकवलं.

"तासी, इकडे ये. हा बघ."

"काय?"

"हात. हा तुझ्या बापाचा हात."

बाकीचा फीलेमू माझ्यामागे दडला होता, त्याला बाजूला व्हायला सांगितलं होतं ना! पण आधाराला टेकवलेला तेवढा हात राहून गेला. चार बोटं आणि बाहेरच्या बाजूला वळलेला अंगठा. त्याचा दुसरा फोटो जगात नाही. तासीने बापाचं एवढंच पाहिलं. तिने आपला हात शेजारी धरला आणि बराच वेळ दोन्ही अंगठे बघत राहिली. मग घळाघळा रडली. तिच्या आईने रडायचं ठेवलेलं सगळं ती रडली.

आता पेपेही नाही. तासीचे केस पिकलेत. ते कार्ड तिने घरात लावलेलं नाही, माझ्या आतल्या पट्टीत खोचून ठेवलंय. खालची ओळ तिने कोळशाने काळी केली आहे. माझ्या फळ्या सुटत चालल्या, बूड वाळवीने खाल्लं, तडकलेल्या फळीतून आभाळ दिसतं. येत्या एखाद्या वादळात छप्पर जाईल आणि त्याबरोबर मीही. जाऊ दे. समुद्र एकदा दाखवा एवढीसुद्धा विनवणी मी आता करत नाही.

पण तुमच्या गावी, कुठल्या जाड पुस्तकात, कुठल्या काचेच्या कपाटात तो फोटो दिसला, तर मधल्या माणसाला योद्धा म्हणू नका. तो तोइलोलो, होड्या घडवणारा. आणि मग डावीकडे बघा. ती बोटं काठावर गच्च आवळलेली दिसतील. दुसरी मूठ दिसणार नाही, पण त्या क्षणी तिच्यात सुंभ आहे, तळहात कापतोय, आणि उस्ताद येईपर्यंत त्याने ते सोडलेलं नाही.

तो टाका अजून आहे. माझं बाकी सगळं ढिलं झालं, तो एक झाला नाही. खोटं वाटत असेल तर या, आत वाका आणि ओढून बघा. आणि मग माझ्या तोंडावर म्हणा, आळशी.